पानाचा फोटो आणि ‘आधी हे इन्स्टॉल करा’ नावाची साथ

मंडळी, एक प्रयोग करून बघा. ओळखीतल्या कुठल्याही संगणकवाल्याला विचारा, "अख्ख्या वेबपानाचा फोटो कसा काढू रे? म्हणजे स्क्रीनवर दिसतं तेवढंच नाही, खाली सरकवल्यावर जे जे येतं ते सगळं?" मान वर न करता उत्तर येईल, "एक्स्टेन्शन टाक ना एखादं." दुसरा जरा जुन्या वळणाचा असेल तर म्हणेल, "सॉफ्टवेअर उतरवून घे, फुकट आहे." तिसरा एखादं संकेतस्थळ सांगेल, तिथे पानाचा पत्ता चिकटवला की चित्र मिळतं म्हणे. आणि चौथा (हा बहुधा आमच्याच धंद्यातला) दहा ओळींची स्क्रिप्ट लिहून देईल, आणि ती चालवायला आधी चार गोष्टी इन्स्टॉल करायला लावेल.

माझं म्हणणं असं की ही चारही उत्तरं चूक आहेत. नुसती गैरसोयीची नव्हेत, चूक. कारण हे काम ब्राउझर स्वतः करतो, कित्येक वर्षांपासून करतो, एक पैसा न घेता आणि एक बाइट न उतरवता. (ब्राउझरला न्याहाळक म्हणणाऱ्यांनी माफ करावं, मला तो शब्द उच्चारताना अजूनही हसू येतं. :-)) आणि दुसरं असं की ज्याला या गोष्टीची सगळ्यात जास्त गरज आहे, त्याला नेमकं इन्स्टॉल करणंच शक्य नसतं.

गरज कुणाला आहे ते आधी बघू. तुम्हाआम्हाला पूर्ण पानाचा फोटो कशाला लागतो? क्लायंटला डिझाइन दाखवायला, बग लॉगायला, विमानाच्या तिकिटाची किंमत बायकोला पाठवायला. नाही मिळाला तर काही बिघडत नाही. माझं गाव कोरपना तालुक्यात आहे. चंद्रपूरहून बल्लारपूर, राजुरा, गडचांदूर करत पुढे जायचं, आणखी पुढे गेलं की आदिलाबाद, म्हणजे तेलंगणा. तालुक्यात एकीकडे कापूस, दुसरीकडे गडचांदूर, आवारपूर, उपरवाही, नारंडा इथले सिमेंटचे कारखाने आणि त्यांच्या चुनखडीच्या खाणी. या तालुक्यातल्या माणसाला आज काहीही हवं असेल तर ते ऑनलाइन आहे. सातबारा ऑनलाइन. पीक पाहणी २०२१ पासून मोबाइलवर. कापूस सीसीआयला घालायचा तर २०२५च्या हंगामापासून त्याची नोंदणीही ॲपवर. शिष्यवृत्ती, दाखले, ठिबकचं अनुदान, सगळं. ठीक आहे, मी स्वतः याच धंद्यात आहे, ऑनलाइनला माझा विरोध असायचं कारण नाही. पण पूर्वी कागद खिडकीत दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून मिळायचा, त्याला आपण पोच म्हणायचो. ती पोच आता कुठे गेली?

ती गेली स्क्रीनवर. ‘आपला अर्ज यशस्वीरीत्या सादर झाला आहे’ असं हिरव्या अक्षरात येतं, खाली कुठेतरी अर्ज क्रमांक, त्याच्या खाली तुम्ही भरलेला सगळा मजकूर, गट नंबर, क्षेत्र, खाते क्रमांक. हे पान पुन्हा बघायला मिळेलच याची खात्री नसते. ‘प्रिंट’ असं लिहिलेलं एक बटण असतं, ते दाबलं की नवी खिडकी उघडू बघते, ब्राउझर ती अडवतो, आणि वर कोपऱ्यात एवढीशी खूण येते जी कुणाला दिसत नाही. तेवढ्यात सेशन संपतं. झालं. पुन्हा लॉगिन केलं की मुख्य पान.

माझ्या मोठ्या काकांचं उदाहरण सांगतो. योजनेचं, कार्यालयाचं, केंद्राचं नाव सांगत नाही, गरजही नाही, कारण हे कुठेही घडतं. काकांनी एका केंद्रावर जाऊन अर्ज भरला. केंद्रातल्या पोराने मनापासून काम केलं. शेवटचं पान आलं, प्रिंट निघेना, मागे रांग. मग त्याने काकांच्याच मोबाइलने स्क्रीनचा फोटो काढून दिला. त्या फोटोत काय आहे? संकेतस्थळाचा मथळा, एका मंत्र्याचा हसरा चेहरा, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब आणि ‘यशस्वीरीत्या’ हा शब्द. अर्ज क्रमांक खाली होता, स्क्रीनच्या बाहेर. चार महिन्यांनी कार्यालयात विचारलं तर उत्तर आलं, असा अर्जच नाही. काकांचा मला फोन, "अर्ज त भरला जी मी, फोटो बी हाये, पण थो दिसतच नाही म्हंते." फोटो होता. पण त्यात जे हवं तेच नव्हतं.

हिशोब अगदी सोपा आहे. केंद्रावरच्या मॉनिटरचं मोजमाप साधारण १३६६ गुणिले ७६८ बिंदू. त्यातून ब्राउझरच्या पट्ट्या, खालचा टास्कबार वजा केला तर उंचीचे सहाशे-साडेसहाशे बिंदू पानाच्या वाट्याला उरतात. अर्जाचं पान पाच हजार बिंदू लांब असेल तर एका वेळी त्याचा जेमतेम आठवा भाग दिसतो. कळफलकावरचं प्रिंट स्क्रीन बटण तेवढाच आठवा भाग टिपतं, आणि पहिल्या आठव्या भागात नेहमीच मथळा आणि हसरे चेहरे असतात.

आता त्या पोराला आपण सांगणार, "एक्स्टेन्शन टाक." कशावर? संगणक त्याचा नाही, केंद्रचालकाचा आहे. पंचायतीतला असेल तर ॲडमिनचा पासवर्ड कुणाकडे आहे हे तिथे बसणाऱ्यालाच ठाऊक नसतं. काकांचा तर संगणकच नाही. आणि टाकलंच एखादं, तर त्याच ब्राउझरमधून दिवसभरात किती लोकांचे आधार क्रमांक, खाते क्रमांक, सातबारे जाणार आहेत? पुण्यात बसून एक्स्टेन्शनची शिफारस करताना हा विचार कुणी करत नाही.

अधिकृतपणे बघायचं तर पोच हा उपकार नाही, हक्क आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ काय म्हणतो? अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की पोच द्यायची. अर्जदाराला अर्ज क्रमांक, तारीख आणि सेवा किती दिवसांत मिळेल हे कळवायचं. त्या मुदतीत सेवा मिळाली नाही तर अपील. म्हणजे अपिलाची सगळी इमारत त्या एका क्रमांकावर आणि तारखेवर उभी आहे. तो क्रमांक पानाच्या तळाशी, आणि पान एकदाच दिसणार!

आमच्या भागातल्या लोकांना कागदाची किंमत शिकवायला नको. राजुऱ्याचा हा सगळा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत तो आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्याला जोडला गेला. तीन कारभार, तीन दप्तरं. आमच्या घरात ट्रंकेच्या तळाशी उर्दूतले दोन-तीन कागद आहेत. घरातल्या एकालाही ते वाचता येत नाहीत, पण एकाचीही ते फेकायची हिंमत झालेली नाही. जी माणसं न वाचता येणारा कागद सत्तर वर्षं जपतात, त्यांना आपण सांगतोय की तुमची पोच स्क्रीनवर आली होती, तुम्ही पाहिली नाही का?

तर ब्राउझरमध्ये काय आहे ते सांगतो. यातलं काहीही गुप्त नाही.

फायरफॉक्स असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस एकत्र दाबा. (किंवा पानावर राइट क्लिक करून ‘टेक स्क्रीनशॉट’.) वर उजवीकडे दोन पर्याय येतात, त्यातला पूर्ण पानाचा निवडा, डाउनलोड म्हणा. संपलं. ही सोय फायरफॉक्समध्ये २०१७ पासून आहे, आणि त्याच्याही आधी, २०१२ पासून, डेव्हलपर टूलबारवर आज्ञा टंकून तेच करता येत होतं. एज असेल तरी तीच तीन बटणं, आणि तिथेही पूर्ण पानाचा पर्याय. विंडोज १० किंवा ११ असलेल्या संगणकावर एज बहुधा आधीच बसवलेला असतो. नको नको म्हणून लोक त्याला शिव्या घालतात, पण या एका कामासाठी तो केंद्रावर सगळ्यात हाताशी आहे.

क्रोमची तऱ्हा वेगळी. सोय आहे, २०१७ पासूनच आहे, पण डेव्हलपर टूल्सच्या पोटात. कंट्रोल-शिफ्ट-आय दाबा, बाजूला किंवा खाली भीतीदायक दिसणारी चौकट उघडेल, घाबरू नका. मग कंट्रोल-शिफ्ट-पी. एक छोटी खिडकी येईल, तिच्यात इंग्रजीत ‘स्क्रीनशॉट’ टंकायला लागा. चार-पाच अक्षरांतच यादी दिसेल, त्यात ‘कॅप्चर फुल साइझ स्क्रीनशॉट’ निवडा. फाइल डाउनलोड्समध्ये जाऊन पडते. जगात सगळ्यात जास्त वापरल्या जाणाऱ्या ब्राउझरने ही गोष्ट प्रोग्रामरांच्या कपाटात का ठेवावी, हे मला आजवर समजलेलं नाही. रोज लागणारी पळी माळ्यावर ठेवल्यासारखं आहे ते.

मोबाइलवर तर आणखी सोपं. अँड्रॉइड १२ पासून (२०२१) नेहमीसारखा स्क्रीनशॉट काढला की खाली ‘आणखी टिपा’ अशा अर्थाचं बटण येतं, ते दाबून फोटो खालपर्यंत ताणता येतो. आयफोनवर सफारीत २०१९ पासून पूर्ण पान पीडीएफ म्हणून जतन होतं. इतकं सगळं असताना ॲप स्टोअरमध्ये ‘लाँग स्क्रीनशॉट’ असा शोध घेऊन बघा, एकेक ॲप परवानगी काय काय मागतं ते वाचा, करमणूक होईल.

आता एक्स्टेन्शनवाल्यांकडे वळू, कारण माझं खरं भांडण त्यांच्याशी आहे. पूर्ण पान टिपणारं एक्स्टेन्शन टाकताना बहुतेक वेळा एक वाक्य समोर येतं, ‘सर्व संकेतस्थळांवरील तुमचा सर्व डेटा वाचणे आणि बदलणे’. आपण ते न वाचता हो म्हणतो. ते वाक्य अलंकारिक नाही, त्याचा अर्थ शब्दशः तोच आहे. बँकेचं पान, टपालाचं पान, अर्जाचं पान, सगळं त्याला दिसतं. २०१४ मध्ये ‘ऑसम स्क्रीनशॉट’ या लाखो लोकांनी टाकलेल्या एक्स्टेन्शनबद्दल उघड झालं की लोक कोणकोणत्या पानांवर जातात त्यांचे पत्ते ते बाहेर पाठवत होतं. एकाने आपल्या खाजगी सर्व्हरच्या नोंदी तपासल्या, तर जी पानं त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती त्यांच्यावर एक परका रोबो येऊन जात होता. तिथून धागा निघाला. लक्षात घ्या, हे स्क्रीनशॉटचंच एक्स्टेन्शन होतं. नाव चांगलं, शिफारशी भरपूर.

‘ते जुनं झालं हो’ असं म्हणणाऱ्यांसाठी नवीन घ्या. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे चांगलं, उघड्या सोर्सकोडचं एक्स्टेन्शन. मूळ लेखकाने ते विकलं, नव्या मालकाने त्यात घाण घुसवली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते बंद करावं लागलं. वीस लाखांवर लोकांनी टाकलं होतं. ज्यांनी पहिल्या दिवशी नीट तपासून टाकलं तेही त्यात सापडले, कारण एक्स्टेन्शन स्वतःच स्वतःला अद्ययावत करतं आणि मालक बदलला तर तुम्हाला कुणी विचारायला येत नाही. २०२५च्या ऑगस्टमध्ये तर कहर झाला. ‘फ्रीव्हीपीएन डॉट वन’ नावाचं एक्स्टेन्शन, क्रोमच्या दुकानात मानाचा बिल्ला मिरवणारं, लाखभर लोकांनी टाकलेलं. कोइ सिक्युरिटीच्या संशोधकांनी दाखवलं की ते उघडलेल्या प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट गुपचूप काढून आपल्या सर्व्हरला पाठवत होतं. म्हणजे न मागता स्क्रीनशॉट. :-)

आपल्याकडच्या केंद्रांचा लाडका कॅमस्कॅनर तरी वेगळा काय होता? ऑगस्ट २०१९ मध्ये कॅस्परस्कीला त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत घातक भाग सापडला. जून २०२० मध्ये सरकारने बंदी घातलेल्या ५९ ॲपमध्ये त्याचंही नाव होतं. तोवर किती आधार कार्डं त्यातून गेली असतील याचा विचार केला तर झोप लागणार नाही.

माझा मुद्दा ‘सगळे चोर आहेत’ असा नाही. बरीच एक्स्टेन्शनं प्रामाणिक माणसं रात्री जागून लिहितात, त्यातली काही मी वापरतोही. पण जे काम ब्राउझरच्या घरातच होतं त्यासाठी अनोळखी माणसाला घराची किल्ली का द्यायची?

आणि ते ‘पत्ता चिकटवा, चित्र घ्या’वाले. त्यांच्याबद्दल एकच सांगतो. तुम्ही लॉगिन करून जे पान बघताय ते त्यांच्या सर्व्हरला दिसतच नाही. त्यांना दिसतं लॉगिनचं पान, आणि त्याचाच सुंदर फोटो ते तुम्हाला देतात. ‘इन्स्टॉल करावं लागत नाही’ हे खरं, पण काकांचं काम होत नाही. पान सार्वजनिक असेल तर मात्र इंटरनेट अर्काइव्हवर ‘सेव्ह पेज नाऊ’ जरूर करा, कारण तिथे त्रयस्थाने लावलेली तारीख मिळते आणि ती तुम्हाला बदलता येत नाही. सिमेंट कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी होते तेव्हा याचा खरा उपयोग आहे. २००६च्या अधिसूचनेप्रमाणे सुनावणीआधी किमान तीस दिवसांची सूचना द्यायची आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करायचा असतो. ज्या जिल्ह्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९च्या प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण देऊन देशात चौथा ठेवला, तिथल्या माणसाला ती सूचना कोणत्या तारखेला दिसत होती आणि तिच्यात काय लिहिलं होतं हे जपून ठेवावंसं वाटलं तर त्यात काय नवल?

इथे आमचे वकील मित्र खाकरतात. म्हणतात, "स्क्रीनशॉट म्हणजे पुरावा नव्हे. एफ-१२ दाबून कुणीही पानावरचा आकडा बदलतो आणि फोटो काढतो." अगदी खरं. मी दहा सेकंदांत करून दाखवतो. पण म्हणून काढायचाच नाही, हा तर्क मला पटत नाही. यासाठी आपल्या मराठवाड्यातलंच प्रकरण बघा. २०१४च्या विधानसभेला जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. हरलेल्या कैलास गोरंट्याल यांचं म्हणणं, खोतकरांचे उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या मुदतीनंतर घेतले गेले. पुरावा काय? निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण, म्हणजे सीडी. त्या सीडीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खालचं प्रमाणपत्र हवं, आणि ते अधिकारी मागून मागून देईनात. औरंगाबाद खंडपीठाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १४ जुलै २०२० ला निकाल आला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र अनिवार्य, पण ज्याने ते मिळवायला होता होईल ते सगळं केलं आणि तरी समोरच्याने दिलं नाही, त्याला अशक्य गोष्टीसाठी शिक्षा नाही. निवडणूक रद्दच राहिली.

मी या निकालातून जे घेतलं ते असं. मूळ नोंद कार्यालयाच्या सर्व्हरवर आहे, तुमच्याकडे फक्त प्रत आहे, आणि प्रमाणपत्राचा खेळ मोठ्या कोर्टात. पण ‘होता होईल ते सगळं केलं’ हे दाखवायची सुरुवात तरी कुठून होणार? माहिती अधिकारात अर्ज करायचा तर त्यात लिहाल काय? "अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक क्रमांकाचा अर्ज सादर झाल्याचं तुमच्या संकेतस्थळाने सांगितलं, त्याची नोंद द्या." हे वाक्य लिहायला तो क्रमांक लागतो. टेबलापलीकडचा बाबू काही कलम वाचून दाखवत नाही, तो विचारतो, "नंबर काय?" आणि नंबर सांगितला की तोच बाबू दुसऱ्या खिडकीत शोधून अर्ज काढतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कायद्याच्या बाजूनेही थोडं करता येतं, तेही इन्स्टॉल न करता. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तिथे हे कलम ६३ झालं. त्याच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचं हॅश मूल्य लिहायची जागा आहे. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. एक बिंदू बदलला तरी अंगठा बदलतो. हा काढायला विंडोजमध्ये ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आधीपासून असते, काळ्या खिडकीत ती ‘हॅशफाइल’ या पर्यायासह चालवायची, शेवटी शा-२५६ सांगायचं. फाइल काढल्या दिवशीच अंगठा काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवला, तर नंतर फाइलमध्ये फेरफार केला नाही एवढं तरी दाखवता येतं. मूळ पानच खोटं होतं की नाही ते मात्र अंगठा सांगत नाही, तिथे कार्यालयाची नोंदच लागते.

‘एवढं कशाला, कंट्रोल-पी करून पीडीएफ काढा की’ असंही काही जण म्हणतात. यांच्याशी माझं भांडण अर्धंच आहे. पीडीएफ काढाच. तिच्यात मजकूर मजकूर म्हणून राहतो, शोधता येतो, आणि ‘हेडर-फूटर’चा पर्याय चालू ठेवला तर कागदाच्या कडेला पानाचा पत्ता आणि तारीख आपोआप छापली जाते, जी स्क्रीनशॉटमध्ये येत नाही. पण छपाईसाठी पान वेगळं मांडलं जातं. कित्येक संकेतस्थळांवर छापताना रकाने एकमेकांवर चढतात, काही भाग गायबच होतात. आणि मराठीचा जुना अनुभव विसरलात का? मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळं आपापले फॉन्ट वापरायची तेव्हा पान जतन करून दुसऱ्या संगणकावर उघडलं की ‘लेख’च्या जागी टिंबं, चौकटी आणि इंग्रजी अक्षरांची उसळ. तेव्हा परदेशातल्या मित्राला लेख पाठवायचा तर चित्र करूनच पाठवत होतो. युनिकोडने ते दिवस संपवले, तरी पीडीएफमधलं देवनागरी कॉपी केलं तर काना-वेलांट्या अजूनही इकडेतिकडे होतात. म्हणून दोन्ही काढा, मिनिटभराचं काम.

आता शेवटचा वाटा आमच्या धंद्यातल्या लोकांचा, जे ही संकेतस्थळं बांधतात. बाबांनो, तुम्ही पानाच्या आत आणखी एक सरकणारी चौकट का ठेवता? बाहेरचं पान स्थिर, आतला डबा सरकतो. ब्राउझरने पूर्ण पान टिपलं तरी डब्यातला दिसणारा भागच येतो, कारण त्याच्या दृष्टीने पान तेवढंच आहे. (असं पान पदरी पडलंच तर दोन उपाय: ती चौकट म्हणजे फ्रेम असेल तर फायरफॉक्समध्ये राइट क्लिक करून ती वेगळ्या टॅबमध्ये उघडा. नाहीतर कंट्रोल आणि वजाचं बटण दाबत पान बारीक करा, डबा जवळजवळ सगळा दिसायला लागतो. क्रोममध्ये पान सोळा हजार बिंदूंपेक्षा लांब असलं तर खालचा भाग कोरा किंवा पुन्हा पहिल्यापासून येतो, तिथे पान बारीक करणं हाच उपाय.) राइट क्लिक बंद करून तुम्ही कुणाला अडवता? ज्याला चोरी करायची आहे तो अडत नाही, फायरफॉक्समध्ये शिफ्ट दाबून राइट क्लिक केलं की तुमचं कुलूप उघडतं. अडतो तो काका. आणि अर्ज क्रमांक पानाच्या तळाशी ठेवायचा कुठला नियम आहे? मंत्र्यांचे फोटो खाली घ्या, क्रमांक वर आणा. छपाईची नीट मांडणी करायला स्टाइलशीटच्या वीस-पंचवीस ओळी लागतात. निविदेत ‘पोच’ हा शब्द नव्हता म्हणून केलं नाही, हे उत्तर मी ऐकलेलं आहे, कृपया पुन्हा देऊ नका.

केंद्रावर काम करणाऱ्यांनी फाइल देताना एवढं पाळावं. लांबलचक चित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या फोटोसारखं पाठवलं की ते आवळलं जातं आणि अक्षरं वाचता येत नाहीत. पिनच्या खुणेवर टिचकी मारून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, जसंच्या तसं पोचतं. फाइलच्या नावात तारीख आणि गावाचं नाव टाका. अर्जदाराने समोर उघडून खालपर्यंत सरकवून पाहिली, क्रमांक दिसला, की मग डाउनलोड्समधून उडवा, आणि रिसायकल बिनमधूनही. तिथे दुसऱ्याचं आधार पडून राहायला नको.